दोन लाईनचा स्पीकरफोन घ्यावा का? मंडळाचा अनुभव आणि थोडी माहिती

मागच्या वार्षिक सभेचा वृत्तांत आपण वाचला असेल. त्यात हॉलच्या छताच्या दुरुस्तीसाठी मुदत ठेव मोडण्याचा ठराव "सर्वानुमते मंजूर" असे छापले होते. पुढच्याच सभेत तो ठराव आम्हाला मागे घ्यावा लागला. कारण काय, असे अनेकांनी विचारले. कारण टेबलावर ठेवलेला स्पीकरफोन होता, आणि थोडे आम्हीही.

त्या दिवशी नागपूरहून आपल्या एका ज्येष्ठ काकू फोनवर सभेला हजर होत्या. खजिनदार नेहमीच्या खड्या आवाजात आकडे वाचत होते. काकू तिकडून "थांबा, थांबा" म्हणत होत्या. एकदा नव्हे, तीनदा. आमच्यापर्यंत एकदाही आवाज पोचला नाही. शेवटी "हरकत नाही ना?" असे विचारून, क्षणभर शांतता ऐकून, आम्ही पुढचा विषय घेतला. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. ती ठेव मुलांच्या दहावी-बारावीच्या बक्षिसांसाठी सभासदांनी दिलेल्या देणग्यांची आहे, मुद्दलाला हात लावायचा नाही, असे पत्र जुन्या फायलीत आहे, असे त्यांनी सांगितले. फाईल काढली. पत्र होते. उभी हयात बँकेत काढलेल्या माणसांनी राखीव ठेव मोडायला निघावे, याची लाज वाटली. काकू मात्र एवढेच म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही मुद्दामच ऐकत नाही आहात."

हे वाक्य आम्हाला लागले. आपल्या मंडळाची परिस्थिती सर्वांना माहीत आहे. १९८२ साली तांब्याची खाण सुरू झाली, त्या सुमारास नागपूर, भंडारा, गोंदिया भागातून आलेली कुटुंबे इथे जमली आणि मंडळ उभे राहिले. नोकरी संपली की क्वार्टर सोडावे लागते. मग कोणी बालाघाटला, कोणी गोंदियाला, कोणी मुलांकडे पुण्याला. सभासद यादीत नावे आहेत, वर्गणी येते, पण माणसे बाहेर. त्यांनी सभेत बोलायचे ते फोनवरच. म्हणून यंत्राच्या चौकशीत आम्ही दोन महिने घातले. घरासाठी किंवा लहान ऑफिससाठी असा फोन घेण्याचा कोणाचा विचार असेल तर उपयोग होईल, म्हणून हे लिहीत आहोत.

आपला जुना स्पीकरफोन दोन लाईनचा होता. एका सभासदाच्या मुलीने अमेरिकेहून आणून दिलेला. दोन लाईनचा म्हणजे एकाच यंत्रावर दोन वेगवेगळे टेलिफोन नंबर. एकावर बोलताना दुसरा होल्डवर ठेवता येतो, आणि बटण दाबून दोन्ही जोडले की तिघांची बैठक होते. साध्या फोनच्या वायरीत कामाच्या तारा दोनच असतात. दोन लाईनच्या फोनला चार लागतात. छोट्या प्लगमधल्या मधल्या दोन तारा पहिल्या लाईनच्या, बाहेरच्या दोन दुसऱ्या लाईनच्या. आम्ही बाजारातली साधी दोन तारांची वायर लावली होती. दुसऱ्या लाईनचा दिवा कधीच लागला नाही आणि आम्ही तो बिघडला आहे असे समजत होतो. मुळात मंडळाकडे दुसरा नंबर नव्हताच, हे त्याहून पुढचे!

त्याच यंत्राचा पहिला ॲडॅप्टर पाच मिनिटांत जळाला होता. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. ॲडॅप्टरवर "इनपुट १०० ते २४०" असे असेल तर पिन बदलून चालतो. नुसते १२० लिहिले असेल तर लावूच नये. परदेशातून वस्तू आणणाऱ्या मुलामुलींना हे आधी सांगून ठेवावे.

आता मुख्य गोष्ट. काकूंचा आवाज का आला नाही? स्पीकरफोनमध्ये स्पीकर आणि माईक हातभर अंतरावरही नसतात. समोरच्याचा आवाज स्पीकरमधून निघतो, माईकमध्ये शिरतो आणि त्याचा त्यालाच परत ऐकू जातो. हा प्रतिध्वनी टाळायला जुन्या आणि स्वस्त यंत्रांत सोपी युक्ती केलेली असते. ज्या बाजूचा आवाज मोठा, ती बाजू चालू, दुसरी बंद. याला हाफ डुप्लेक्स म्हणतात. बोलणे आळीपाळीने चालले असेल तोवर काही कळत नाही. पण कोणी मध्ये बोलायला गेले की ते यंत्रच गिळून टाकते, आणि त्याला पत्ताही लागत नाही. खजिनदारांचा आवाज मोठा, काकूंचा बारीक. यंत्राने आपल्या नियमाप्रमाणे मोठ्या आवाजाला मत दिले.

चांगल्या यंत्रात दोन्ही बाजू एकाच वेळी चालू राहतात. ते फुल डुप्लेक्स. त्यात एक चिप सतत हिशेब करते: स्पीकरमधून आत्ता काय निघाले, त्यातले माईकमध्ये किती परत आले, आणि तेवढे वजा करून उरलेले पुढे पाठवते. आम्हा बँकवाल्यांना हे लगेच पटले. दोन्ही खाती जुळवून फरक काढण्यासारखेच आहे.

खोक्यावर "फुल डुप्लेक्स" छापलेले असतेच. त्यावर जाऊ नये. दुकानात किंवा परत करण्याची मुदत संपायच्या आत घरी चाचणी घ्यावी. एकाने यंत्रासमोर बसून वर्तमानपत्र मोठ्याने, न थांबता वाचायचे. दुसऱ्याने दुसऱ्या गावाहून, निदान रस्त्यापलीकडून, नेहमीच्या आवाजात "थांबा" म्हणायचे. वाचणाऱ्याला वाचता वाचता "थांबा" ऐकू आले पाहिजे. मग बाजू बदलून तेच करायचे. आमच्या जुन्या यंत्रावर दहापैकी एकदाही ऐकू आले नाही. नव्या तीन यंत्रांची चाचणी घेतली. एक नापास झाले, दोन पास झाली. यात किमतीचा क्रम लागला नाही. नापास झालेले यंत्र मधल्या किमतीचे होते.

दोन लाईन खरोखर कोणाला लागतात? आमच्या मते घराला नाही. आपल्या मोबाईलवर साध्या कॉलमध्येच एकेक करून पाच जणांपर्यंत जोडता येतात, आपण धरून सहा. पुण्याचा मुलगा, न्यू जर्सीची मुलगी आणि इथे आई, एवढ्यासाठी वेगळा दोन लाईनचा फोन घेणे म्हणजे पैसे वाया. लहान ऑफिसचे वेगळे आहे. कर सल्लागार, डॉक्टर, वकील यांच्याकडे एक नंबर घरचा आणि एक कामाचा असेल, किंवा एक लाईन गुंतली की कॉल आपोआप दुसरीवर यावा अशी हंटिंगची सोय घेतली असेल, तर दोन लाईनचा फोन सोयीचा आहे. मात्र त्यावर दोन्ही लाईन जोडून बैठक घ्यायची असेल तर आधी ऐकून पाहा. साध्या तारेच्या दोन लाईन फोनमध्येच जोडल्या की आवाज दोन तुकड्यांत वाटला जातो. आपल्याला दोघेही नीट ऐकू येतात, पण त्या दोघांना एकमेकांचा आवाज क्षीण येतो. दोन्ही टोकांना वयस्कर माणसे असतील तर "काय? काय म्हणालात?" यातच बैठक संपते.

जाता जाता एक आठवण. आमच्या नोकरीच्या सुरुवातीला शाखेत दोन फोन असणे ही प्रतिष्ठा होती. ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास बसायचे, आणि फारच निकड असेल तर आठपट दर भरून लाइटनिंग कॉल. तेव्हा कोणी कोणाचे बोलणे मध्ये तोडत नसे. मिनिटाचे पैसे डोळ्यांसमोर असत.

मंडळाची गरज मात्र दोन लाईनचीच निघाली, फक्त वेगळ्या अर्थाने. काही सभासद लॅपटॉपवर किंवा स्मार्टफोनवर व्हिडिओ मीटिंगला येतात. काकूंसारखे काही जण साध्या बटणाच्या फोनवरच येणार, आणि त्यांनी तसेच यावे. आजच्या दोन लाईन म्हणजे एक मीटिंगची आणि एक फोनची. आम्ही आधी घरगुती उपाय केला. एका टेबलावर लॅपटॉप, शेजारी स्पीकरवर टाकलेला मोबाईल. अर्ध्या मिनिटात शिट्टी सुरू झाली आणि सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. याचे कारण वरच्या हिशेबातच आहे. प्रत्येक यंत्राला फक्त स्वतःच्या स्पीकरमधून काय निघाले ते माहीत असते, म्हणून ते तेवढेच वजा करू शकते. शेजाऱ्याचा आवाज त्याच्या खात्यात नसतो. लॅपटॉपचा आवाज मोबाईलच्या माईकमध्ये, मोबाईलचा लॅपटॉपमध्ये, असे चक्र सुरू होते. एका खोलीत एकच स्पीकर आणि एकच माईक चालू ठेवावा.

हल्ली मिळणारे गोल, थाळीएवढे स्पीकरफोन लॅपटॉपला यूएसबीने आणि मोबाईलला ब्लूटूथने एकाच वेळी जोडता येतात. साधारण पाच-सात हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत किमती आहेत. इथे विक्रेत्याला एक प्रश्न स्पष्ट विचारावा: दोन्ही जोडलेले असताना दोन्हीकडची माणसे एकमेकांशी बोलू शकतात का, की एक घेतले की दुसरे होल्डवर जाते? बहुतेक यंत्रांत होल्डवरच जाते. दोन्ही कॉल एकत्र करण्याची सोय मोजक्याच यंत्रांत असते आणि ती बरीच महाग पडते. दुसरा मार्ग असा की मीटिंगच्या ॲपमध्येच साध्या फोनवरून नंबर फिरवून येण्याची सोय घ्यावी. ती बहुधा पैसे भरून घेतलेल्या योजनेत असते. वर्षातून तीन-चार सभा असतील तर तेवढे महिनेच पैसे भरणे परवडते. आम्ही हिशेब मांडून हाच मार्ग धरला.

लँडलाईनवर विसंबून असणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या साध्या फोनला एक्सचेंजकडूनच वीज मिळत असे, म्हणून लाईट गेली तरी तो चालायचा. फायबर आले की फोन भिंतीवरच्या डब्याला लागतो आणि त्या डब्याला घरची वीज लागते. लाईट गेली की इंटरनेट आणि लँडलाईन दोन्ही एकदम बंद. घर इन्व्हर्टरवर असेल तर तो डबाही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्यावा. नसेल तर त्याच्यापुरता लहान बॅटरी बॅकअप मिळतो. काही डब्यांवर फोनची दोन पोर्ट दिसतात, पण दुसरा नंबर कंपनीकडून घेऊन चालू करून घेतला तरच दुसरे पोर्ट कामाचे. तांब्याच्या गावात तांब्याची तार निरुपयोगी व्हावी, यावर आपल्याकडे विनोद झालेच आहेत.

यंत्र चांगले असूनही खोली वाईट असेल तर उपयोग नाही. आपल्या हॉलच्या भिंती उघड्या, वर पत्रे, खाली फरशी. आवाज घुमतो आणि माईकला मूळ शब्द आणि घुमणारा आवाज सारखेच वाटतात. माईकपासूनचे अंतर दुप्पट झाले की पोचणारी आवाजाची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून मागच्या रांगेत बसून "मला बोलायचं आहे" म्हणणाऱ्यांनी उठून टेबलाजवळ यावे. सतरंजी अंथरली, खिडक्यांना जुने पडदे लावले, तेवढ्याने मोठा फरक पडला. उन्हाळ्यात कूलर बंद करायला लोक तयार नसतात, तेव्हा निदान यंत्र कूलरसमोर ठेवू नये. लोखंडी टेबलावर खाली जाडसर टॉवेल घालावा, म्हणजे कप ठेवल्याचा धक्का तिकडे नागपुरात बसत नाही.

आकडे सांगतानाही काळजी हवी. साध्या टेलिफोनवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. स, श, फ यांची धार त्याच्या वर असते आणि ती कापली जाते. "सात" आणि "साठ" यांत घोटाळा व्हायला वेळ लागत नाही. मोबाईलच्या एचडी कॉलमध्ये पट्टा साधारण ७००० हर्ट्झपर्यंत जातो, तिथे शब्द स्वच्छ येतात. पण दोन्ही टोकांना ती सोय पाहिजे. आम्ही आता रक्कम सांगताना "सहा शून्य" असे अंक फोडून सांगतो, जसे काउंटरवर सांगत होतो.

ज्यांच्या घरी आई-वडिलांना श्रवणयंत्र आहे, त्यांनी स्पीकरफोन घेण्याआधी ते यंत्र मोबाईलला थेट ब्लूटूथने जोडता येते का ते पाहावे. तसे होत असेल तर स्पीकरफोनपेक्षा तेच बरे. खोलीतला गोंगाट मध्ये येत नाही.

मंडळाने शेवटी मध्यम किमतीचा, थांबा-चाचणीत पास झालेला एक गोल स्पीकरफोन घेतला आहे. पावती आणि वॉरंटी कार्ड दप्तरात आहे, यंत्र कपाटात आणि किल्ली कार्यवाहांकडे. घरच्या कार्यक्रमाला हवा असेल तर नोंदवहीत सही करून न्यावा. सभेच्या कामकाजातही एक बदल केला आहे. प्रत्येक ठरावाआधी फोनवरच्या सभासदाचे नाव घेऊन विचारायचे, आणि त्याचा "हो" किंवा "नाही" हा शब्द ऐकू आल्यावरच लिहायचे. शांतता म्हणजे संमती असे धरायचे नाही.

नव्या यंत्रावर पहिला फोन काकूंनाच लावला. खजिनदारांनी मुद्दाम मागच्या वर्षीचा ताळेबंद खड्या आवाजात वाचायला घेतला. दुसऱ्याच ओळीला नागपूरहून "थांबा!" आले. मग त्या हसून म्हणाल्या, "छताचं काय झालं ते आधी सांगा." छतासाठी वेगळी वर्गणी सुरू केली आहे. बाहेरगावच्या ज्या सभासदांना येत्या सभेला फोनवर यायचे असेल त्यांनी आपला चालू नंबर कार्यवाहांकडे आठ दिवस आधी कळवावा.