पी. डी. जेम्स : कचेरीच्या चार भिंतींतले खून

इंग्लिश रहस्यकथेचे शिल्पकार : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण अगाथा ख्रिस्तींच्या खेड्यांतून आणि बंगल्यांतून फिरलो. तिथले संशयित बहुधा पाहुणे, नातलग किंवा मृत्युपत्राकडे डोळे लावून बसलेले वारसदार असतात. आजच्या लेखिकेचे संशयित मात्र थेट हजेरीपटावरून येतात. पी. डी. जेम्स यांच्या बहुतेक गाजलेल्या कादंबऱ्यांत खून होतो तो एखाद्या संस्थेत: रुग्णालयात, प्रयोगशाळेत, वकिलांच्या चेंबरमध्ये, प्रकाशनसंस्थेत. माणूस दिवसाचे आठ तास जिथे घालवतो तिथले हेवेदावे, बढतीची चढाओढ आणि वर्षानुवर्षं गिळलेले अपमान त्यांनी रहस्यकथेत आणले. या प्रकाराला त्यांनी दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे, असं मला वाटतं.

ही देणगी त्यांच्या आयुष्यातूनच आली. फिलिस डोरोथी जेम्स यांचा जन्म 3 ऑगस्ट 1920 रोजी ऑक्सफर्डमध्ये झाला. वडील प्राप्तिकर खात्यात नोकरीला. घरची परिस्थिती बेताची आणि मुलींनी फार शिकावं असा काळ नव्हता, त्यामुळे सोळाव्या वर्षी शाळा सुटली. केंब्रिजच्या त्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचं आडनाव होतं डालग्लिश. पुढे जेम्स यांनी आपल्या गुप्तहेराला तेच आडनाव दिलं.

1941 साली त्यांनी वैद्यकीचं शिक्षण घेत असलेल्या कॉनर व्हाइट यांच्याशी लग्न केलं. लष्करी वैद्यकीय सेवेतून ते परतले ते गंभीर मानसिक आजार घेऊनच. पदरी दोन लहान मुली, नवरा रुग्णालयात आत-बाहेर, आणि त्याच्या आजाराबद्दल निवृत्तिवेतनही नाही. घर चालवायची जबाबदारी फिलिसबाईंवर आली. 1949 पासून त्या लंडनमध्ये रुग्णालयांच्या प्रशासनात काम करू लागल्या. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा तेव्हा जेमतेम वर्षभराची होती. मुलींच्या संगोपनाला सासू-सासऱ्यांनी मोठा हातभार लावला. संध्याकाळी त्या प्रशासनाचे वर्ग करत आणि पहाटे उठून, कामावर निघण्यापूर्वी, कादंबरी लिहीत. ‘कव्हर हर फेस’ हे पहिलं पुस्तक 1962 साली आलं तेव्हा त्या बेचाळिशीला टेकल्या होत्या. दोन वर्षांनी नवरा गेला. 1968 मध्ये त्या गृहखात्यात दाखल झाल्या, तिथे न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि फौजदारी धोरण या विभागांत काम केलं आणि 1979 मध्ये निवृत्त झाल्या. तोवर त्यांच्या सात रहस्यकादंबऱ्या छापून झाल्या होत्या, तरी नोकरी त्यांनी सोडली नव्हती.

आता हा अनुभव कागदावर कसा उतरला ते पाहू. 1971 सालची ‘श्राउड फॉर अ नाइटिंगेल’ घ्या. परिचारिकांच्या प्रशिक्षण शाळेत तपासणीसाठी वरिष्ठ बाई आल्या आहेत. त्यांच्यासमोर विद्यार्थिनींचं प्रात्यक्षिक चालू होतं: रुग्णाच्या पोटात नळी घालून दूध कसं द्यायचं. एक विद्यार्थिनी रुग्ण बनून पलंगावर पडली आहे. नळी आत जाते, कोमट दूध ओतलं जातं आणि काही क्षणांत ती मुलगी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तडफडून मरते. दुधाच्या जागी दाहक जंतुनाशक होतं. शिवाय त्या दिवशी रुग्ण बनायची पाळी तिची नव्हतीच. जिची होती ती आजारी पडली होती. मग मारायचं होतं कुणाला? इथे खुन्याला रात्रीचा अंधार लागत नाही की गुप्त दरवाजा लागत नाही. रोजच्या कामाची ठरलेली पद्धतच त्याचं हत्यार बनते. बाटल्या कुठे असतात, ट्रे कोण लावतं, कोणाच्या कामावर कोण नजर ठेवतं, हे आतून माहीत असलेली व्यक्तीच हा प्रसंग रचू शकते. खुन्याला जे ज्ञान लागतं ते आधी लेखिकेकडे आहे.

गृहखात्यातल्या वर्षांचं फळ म्हणजे 1977 ची ‘डेथ ऑफ अ‍ॅन एक्स्पर्ट विटनेस’. पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या मुलखातली न्यायवैद्यक प्रयोगशाळा. इतरांच्या खुनांचे पुरावे तपासणारा वरिष्ठ जीवशास्त्रज्ञ तिथेच मारला जातो, आणि तोही दुसऱ्या एका खटल्यात पुरावा म्हणून आलेल्या लाकडी हातोड्याने. त्याने कुणाचा गोपनीय अहवाल खराब लिहिला होता, कुणाचा आत्मविश्वास मोडला होता, या तपशिलांतून तपास पुढे सरकतो.

हा तपास करणारा अ‍ॅडम डालग्लिश चौदा कादंबऱ्यांत भेटतो. तो स्कॉटलंड यार्डचा अधिकारी आहे, कवी आहे आणि विधुर आहे. बायको बाळंतपणात गेली, बाळही गेलं. तो चमत्कार दाखवत नाही, भाषणं ठोकत नाही. माणसांना बोलू देतो. त्याची चौकशी जसजशी वाढते तसतशी निरपराध माणसांचीही गुपितं उघडी पडतात, आणि खुनी सापडला तरी त्या संस्थेत पूर्वीचं काहीच उरत नाही. जुन्या रहस्यकथांत उलगडा झाला की सगळं ठाकठीक व्हायचं. जेम्स यांना ते पटत नव्हतं. प्रेत पाहणाऱ्याच्या मनावर काय ओरखडा उमटतो, हे त्या थांबून सांगतात. 1986 च्या ‘अ टेस्ट फॉर डेथ’मध्ये पॅडिंग्टनच्या एका चर्चमधल्या खोलीत नुकताच पद सोडलेला मंत्री आणि एक बेघर माणूस, दोघेही गळे चिरलेल्या अवस्थेत सापडतात. त्यांना पाहतात त्या एक एकाकी वृद्ध बाई आणि एक लहान मुलगा. या दोघांना लेखिका शेवटपर्यंत विसरत नाही. केट मिस्किन ही गरीब वस्तीतून वर आलेली महिला अधिकारीही याच पुस्तकात प्रथम येते.

स्त्रीच्या नोकरीकडे जेम्स यांची विशेष नजर होती. 1972 च्या ‘अ‍ॅन अनसूटेबल जॉब फॉर अ वुमन’मध्ये बावीस वर्षांच्या कॉर्डेलिया ग्रेच्या गळ्यात, भागीदाराच्या आत्महत्येनंतर, एक डबघाईला आलेली गुप्तहेर एजन्सी पडते. हे बाईचं काम नाही, असं जो तो तिला ऐकवतो. ती मुकाट्याने केंब्रिज गाठते आणि कामाला लागते.

त्यांच्यावर आक्षेपही आहेत. घराच्या, फर्निचरच्या, वास्तुशिल्पाच्या वर्णनांत त्या रेंगाळतात, आणि सुशिक्षित, खात्यापित्या वर्गातच त्यांचं मन जास्त रमतं. दुसरा आक्षेप मला मान्य आहे. पहिला नाही. त्यांच्या कादंबरीचं बीज बहुधा एखाद्या जागेतच असे. सफोकच्या निर्जन किनाऱ्यावर, होड्या आणि जाळ्यांच्या सान्निध्यात उभ्या असताना मान वळवली तर साइजवेलच्या अणुवीज केंद्राचा अजस्र आकार दिसला. त्यातून 1989 ची ‘डिव्हायसेस अँड डिझायर्स’ उगवली.

1991 मध्ये त्यांना उमराव सभेचं सदस्यत्व मिळालं. मानवजातीला मूलच होईनासं झालं आहे अशा जगाची ‘द चिल्ड्रेन ऑफ मेन’ ही त्यांची वेगळी कादंबरी 1992 ची. तिच्यावर 2006 मध्ये चित्रपट निघाला. नव्वदी ओलांडल्यावर, 2011 मध्ये, त्यांनी जेन ऑस्टेनच्या कादंबरीतल्या पेम्बर्ली या हवेलीत खून घडवला. 27 नोव्हेंबर 2014 रोजी त्यांचं निधन झालं.

नव्या वाचकांनी ‘श्राउड फॉर अ नाइटिंगेल’पासून सुरुवात करावी, मग ‘अ टेस्ट फॉर डेथ’ घ्यावी. घाईने वाचू नये. खुनी कोण हे कळल्यावरही ही पुस्तकं परत हातात घ्यावीशी वाटतात, कारण त्यांतली माणसं आपल्या शेजारच्या टेबलावर बसणारी असतात.

पुढच्या आठवड्यात रूथ रेंडेल. राजकारणात जेम्स यांच्या विरुद्ध बाकावरच्या, आणि आयुष्यात त्यांच्या जिवलग मैत्रीण. खुनी कोण यापेक्षा माणूस खुनापर्यंत पोहोचतो कसा, या प्रश्नाने त्यांना झपाटलं होतं.