फिल्टर देशाचा लावायचा की मातृभाषेचा?

परकी भाषा शिकणाऱ्यांचं लेखन गोळा करून शोधता येईल असं ठेवलं, की त्याला लर्नर कॉर्पस म्हणतात. इंग्रजीसाठीचा प्रसिद्ध कॉर्पस म्हणजे आयसीएलई. बेल्जियममधल्या लूवँ विद्यापीठात सिल्व्हियान ग्रांजे यांनी १९९० मध्ये त्याचं काम सुरू केलं. २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीत १६ मातृभाषांच्या विद्यार्थ्यांचे निबंध आहेत, एकूण सुमारे ३७ लाख शब्द.

खरी गंमत निबंधाबरोबरच्या फॉर्ममध्ये आहे. देश, मातृभाषा, घरी बोलली जाणारी भाषा, येत असलेल्या इतर भाषा, इंग्रजी किती वर्षं शिकली, निबंध लिहिताना शब्दकोश वापरला का, अशी सगळी माहिती त्यात असते. शोध घेताना फिल्टर लागतात ते याच माहितीवर.

आता प्रश्न असा घेऊ: ज्यांच्या भाषेत उपपदं नाहीत, ते इंग्रजीत ‘द’ जास्त गाळतात का? फिनिशमध्ये उपपदं नाहीत. मग ‘देश: फिनलंड’ असा फिल्टर लावला की झालं? नाही. फिनलंडमध्ये स्वीडिश हीसुद्धा राजभाषा आहे, आणि साधारण ५ टक्के लोकांची ती मातृभाषा आहे. स्वीडिशमध्ये ‘हूस’ म्हणजे घर आणि ‘हूसेत’ म्हणजे ‘ते’ घर. म्हणजे ‘द’चं काम तिथे शब्दाच्या शेवटी होतं. हॉकन रिंगबोम यांनी फिनलंडमधल्या या दोन गटांच्या इंग्रजीची अनेक वर्षं तुलना केली. देश एक, शाळेची व्यवस्थाही जवळपास सारखीच; तरी उपपदं गाळण्याचं प्रमाण फिनिश भाषकांमध्ये जास्त दिसलं. देशाच्या फिल्टरमध्ये दोन्ही गट एकत्र आले, तर नेमका हाच फरक सरासरीत बुडून जातो.

बरं, मातृभाषेचा फिल्टर लावूनही काम संपत नाही. फिनिशभाषक मुलांना शाळेत स्वीडिश शिकावीच लागते. त्यामुळे ‘इतर भाषा’ हा रकानाही बघावा लागतो.

दोन गोष्टींत हमखास फसायला होतं. एक, प्रत्येक फिल्टरनंतर माणसं कमी होतात. निकालात २०० वाक्यं दिसली, तरी ती किती जणांनी लिहिली ते मोजा. दोघातिघांची सवय अख्ख्या गटाच्या नावावर जायला नको. दोन, ‘द’ शोधला की लिहिलेला ‘द’ सापडतो, गाळलेला नाही. त्यासाठी चुकांच्या खुणा केलेला मजकूर हवा, नाहीतर नामं शोधून वाक्यं स्वतः वाचायची.

मराठीतही ‘द’सारखं उपपद नाही, म्हणून हा प्रश्न आपल्यालाही लागू होतो. पण घरी मराठी आणि शाळेत कन्नड असलेल्या बेळगावच्या मुलीला फक्त ‘देश: भारत’ या फिल्टरने शोधलं, तर तिच्या इंग्रजीबद्दल आपल्याला काय कळणार? म्हणून आकड्याशेजारी कोणते फिल्टर लावले आणि किती लेखक उरले, हे लिहायलाच हवं. त्याशिवाय ‘अमुक भाषेचे लोक अशी चूक करतात’ असं म्हणू नये.