मेजावरचा खेळ, पडद्यावरचा हक्क

एखाद्या गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट काढायचा असेल, तर निर्मात्याला आधी लेखकाची परवानगी घ्यावी लागते, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु खेळाचे काय? नियमांचे पुस्तक, फासे आणि कागद-पेन्सिल एवढ्यावर चालणाऱ्या खेळावरून संगणकावरचा खेळ तयार करावयाचा झाला, तर परवानगी नेमकी कशाची घ्यायची?

प्रथम या खेळाचे स्वरूप समजून घेऊ या. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. मेजाभोवती बसलेला प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एकजण मात्र आपल्या संस्कृत नाटकातील सूत्रधारासारखा असतो. तो प्रसंग उभा करतो, खेळाडू काय करणार ते विचारतो आणि यशापयशाचा निर्णय फाशांवर सोपवतो. अशा खेळांना ‘भूमिका-खेळ’ म्हणता येईल. सूत्रधार हा माणूस असल्यामुळे खेळाडूने अगदी अनपेक्षित काही केले, तरी तो कथेला ऐन वेळी नवे वळण देऊ शकतो. संगणकाला ही मोकळीक नसते. त्याला प्रत्येक शक्यता आधीच शिकवून ठेवावी लागते. म्हणूनच हे रूपांतर खर्चाचे आणि वर्षानुवर्षांच्या श्रमाचे काम ठरते.

आता कायद्याकडे वळू. खेळण्याच्या पद्धतीवर, म्हणजे केवळ कल्पनेवर, कॉपीराइट मिळत नाही. तो मिळतो कल्पनेच्या मांडणीवर: पुस्तकातील मजकूर, चित्रे, कथा यांवर. खेळाच्या नावाला व्यापारचिन्हाचे वेगळे संरक्षण असते. मग नुसते नियम उचलून, नाव बदलून काम भागणार नाही काय? पुष्कळांनी तसे केलेही. तरीसुद्धा परवान्यासाठी पैसे मोजले जातात, कारण नावामागे ग्राहक उभा असतो. १९८७ साली एसएसआय या अमेरिकी कंपनीने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा परवाना मिळवला आणि पुढच्याच वर्षी आलेल्या तिच्या ‘पूल ऑफ रेडिअन्स’ला त्या नावाचा मोठा आधार मिळाला.

परवाना घेणे म्हणजे मात्र दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधणे होय. याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘फॉलआउट’चे. इंटरप्ले कंपनीत टिम केन आणि त्यांचे सहकारी १९९४पासून हा खेळ घडवत होते. अणुयुद्धानंतरचे उद्ध्वस्त जग त्यांचे स्वतःचे होते. नियम मात्र स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’ या मेजावरच्या खेळाचे, रीतसर परवाना घेऊन वापरलेले. अशा करारांत मूळ मालकाला मसुदा पाहून संमती देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार बहुधा असतो. फॉलआउटच्या आरंभीच्या दृश्यात एक सैनिक बांधलेल्या कैद्याला गोळी घालतो. ही हिंसा जॅक्सन यांना रुचली नाही, असे खेळ घडवणाऱ्यांनी पुढे सांगितले. १९९७च्या प्रारंभी करार मोडला. तीन वर्षांचे काम हाती आणि खेळाचा कणाच नाहीसा झालेला! पण चमूने हातपाय गाळले नाहीत. बळ, आकलन, चिवटपणा, प्रभाव, बुद्धी, चपळाई आणि नशीब या सात गुणांवर आधारलेली स्वतःची नियमावली त्यांनी अल्पावधीत बसवली आणि त्याच वर्षी खेळ बाजारात आला. जग स्वतःचे होतेच. आता नियमही स्वतःचे झाले. २००७ साली बेथेस्डा कंपनीने फॉलआउटचे हक्क ५७.५ लाख डॉलरना विकत घेतले, तेव्हा त्या व्यवहारात जॅक्सन यांचा संबंधच उरला नव्हता. इष्टापत्ती म्हणतात ती हीच.

कधी मालकच स्वतःच्या मालाला पारखा होतो. १९९९पासून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हॅस्ब्रो कंपनीच्या मालकीचा आहे. तिने आपला संगणक-खेळांचा विभाग इन्फोग्राम्स या फ्रेंच कंपनीला विकला. हा व्यवहार २००१ साली पूर्ण झाला. त्याबरोबर या खेळाचे संगणकीय हक्कही गेले. पुस्तके हॅस्ब्रोची, पडदा दुसऱ्याचा! इन्फोग्राम्स पुढे अटारी या नावाने ओळखली गेली. २००९ साली हॅस्ब्रोने तिच्यावर करारभंगाचा दावा लावला आणि २०११मध्ये तडजोड होऊन हक्क परत मिळाले.

मोबदल्याचा प्रश्नही महत्त्वाचा. रक्कम एकदाच घ्यावी की विक्रीतील वाटा घ्यावा? पोलंडचे कादंबरीकार आंद्रजेय सापकोव्स्की यांनी आपल्या ‘विचर’ कथांसाठी सीडी प्रोजेक्ट कंपनीकडून ठोक रक्कम पसंत केली. खेळ चालेल असे त्यांना वाटलेच नव्हते. खेळांनी जग जिंकले. २०१८ साली त्यांनी किमान ६ कोटी झ्लॉटींची मागणी केली आणि २०१९मध्ये नवा करार झाला.

आपल्या देशातील लेखक, चित्रकार किंवा खेळ रचणाऱ्यांनी याबाबत १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील काही तरतुदी अवश्य जाणून घ्याव्यात. परवाना लेखी असावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. अन्यथा ठरले नसल्यास, वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो संपुष्टात येतो. सही करण्यापूर्वी या तीन जागा रिकाम्या आहेत काय, ते पाहावे.

बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने परवाना घेऊन, अनेक वर्षे खपून ‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळ केला. २०२३ साली तो आला आणि वर्षातील सर्वोत्तम खेळाचे मानाचे पुरस्कार त्याने पटकावले. सर्वांची अपेक्षा पुढच्या भागाची होती. २०२४च्या मार्चमध्ये स्टुडिओने जाहीर केले, की पुढचा भाग आम्ही करणार नाही. यापुढे स्वतःच्याच कल्पनेवर काम करू. ‘बाल्डर्स गेट’ हे नाव हॅस्ब्रोकडेच राहिले.