हट्ट म्हणण्याआधी दाढ बघा

‘विशेष मुलांचं आरोग्य’ : लेखांक ६

घास गिळताना येणाऱ्या अडचणी मागच्या आठवड्यात पाहिल्या. गिळण्याआधी तो घास जिथे रेंगाळतो, त्या तोंडाबद्दल आज.

सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची फाईल चांगली जाडजूड असते. एमआरआय, ईईजी, टूडी इको, कानांची तपासणी, फिजिओथेरपीचे कागद, यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स असं सगळं तिच्यात असतं. दातांचा कागद बहुतेक वेळा नसतोच. ही मुलं दातांच्या दवाखान्यात येतात ती गाल सुजल्यावर. याबद्दल आईबापांना बोल लावणं मला मान्य नाही. ज्या घरात पुढची फिट कधी येईल याची धास्ती असते, तिथे दातांचा नंबर शेवटी लागणारच. त्यात ‘दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत की’ असं आजीपासून शेजारणीपर्यंत सगळ्या सांगतात. यातली बरीच कीड अपंगत्वामुळे होत नाही, रोजच्या औषधांमुळे आणि भरवण्याच्या पद्धतीमुळे होते, हे मात्र आईबापांना कुणी सांगत नाही. औषध लिहून देतानाच हे सांगायला हवं.

फिटचं सिरपच घ्या. ते कडू लागू नये म्हणून त्यात साखर घातलेली असते. रात्रीचा डोस पाजला की मूल लगेच झोपतं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे ती साखर दातांवर तशीच राहते आणि जंतू तिचं आम्ल करत राहतात. उपाय साधा आहे : आधी औषध, मग ब्रश, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. याच औषधाचं बिनसाखरेचं सिरप किंवा गोळी मिळते का, हे डॉक्टरांना विचारा. फेनिटॉइन घेणाऱ्या बऱ्याच मुलांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. हिरड्या जितक्या स्वच्छ राहतील तितका हा त्रास कमी होतो. लाळ गळू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं आणि दात लवकर किडतात. मात्र फिटचं औषध स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

आता भरवण्याकडे वळू. चावता येत नाही म्हणून खिमट, मऊ भात, दुधात भिजवलेलं बिस्कीट. जीभ नीट फिरत नसेल तर हा मऊ घास गालाच्या खोबणीत किंवा टाळूला चिकटून बसतो. जेवणानंतर अर्ध्या तासाने बोट फिरवून पाहा, बऱ्याचदा तो तिथेच सापडेल. ओलं मऊ फडकं बोटाला गुंडाळून तो काढून घ्यायचा. थेरपीत मुलाने काही नीट केलं की बक्षीस म्हणून चॉकलेट दिलं जातं, तेही दिवसातून कितीदा! त्याऐवजी साबणाचे फुगे, आवडतं गाणं, घंटी असं काही चालेल का, हे थेरपिस्टशी मोकळेपणाने बोला. आणि नळीने अन्न घेणाऱ्या मुलाचेही दात घासायचे असतात. तोंडाने खात नसलं तरी त्याच्या दातांवर कीटण भराभर चढतं आणि तिथले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

न बोलणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. तो स्वतःच्या डाव्या गालावर बुक्क्या मारायचा. वागणूक बिघडली म्हणून त्याचं औषध वाढवलं होतं, शाळेतून तक्रारी येत होत्या. डावीकडची खालची दाढ आतून पोखरलेली होती, मुळाशी पू झाला होता. दाढ काढल्यावर काही दिवसांत बुक्क्या थांबल्या. प्रत्येक वेळी कारण दातच असेल असं नाही. पण मूल अचानक एकाच बाजूने चावू लागलं, गार पाणी नाकारू लागलं, कॉलर चावू लागलं, रात्री जागू लागलं, तर हट्ट म्हणण्याआधी दाढ बघा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नसल्याने तीही दुधाचीच समजून दुर्लक्षित राहते.

ब्रश करणं ही घरातली रोजची लढाई असते, हे मला ठाऊक आहे. मूल समोर उभं करून लढू नका. जमिनीवर मांडी घालून बसा, मुलाला आडवं करून त्याचं डोकं मांडीवर घ्या. सहज गिळता यावं इतकं डोकं उचललेलं ठेवा. डाव्या हाताच्या बोटाने वरचा ओठ उचला. पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची सुरुवात आहे. या टप्प्यावर फ्लोराइडने ती थोपवता येते. म्हणून पेस्ट फ्लोराइडचीच हवी : तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. थुंकता येत नसेल तर फडक्याने टिपून घ्या. स्वमग्न मुलाला पुदिन्याचा झोंबरा स्वाद किंवा फेस सहन होत नसेल तर बिनवासाची, कमी फेसाची पेस्ट शोधा. ब्रश चावून धरणाऱ्या मुलाचं तोंड बळाने उघडू नका. बाहेरच्या बाजूपासून सुरुवात करा. एका वेळी सगळे दात झाले नाहीत तर उरलेले संध्याकाळी करा.

दंतवैद्याकडे पहिली खेप वर्षाच्या आत व्हावी, दुखायला लागायच्या आधी. त्या दिवशी नुसतं खुर्चीत बसून आलं तरी चालेल. औषधांची यादी सोबत न्या. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, आणि काही दोषांत दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिक द्यावं लागतं. म्हणून टूडी इकोचा रिपोर्ट विसरू नका. या मुलांची मान फार मागे वाकवू नये, हेही सांगा. ड्रिल सहन न होणाऱ्या मुलांची कीड सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावून रोखता येते. किडलेला भाग काळा पडतो, तो काळेपणा पत्करावा असं माझं मत आहे. पूर्ण भूल हा शेवटचा मार्ग.

खर्चाचं काय? नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विम्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. दात किडू नयेत म्हणून करायचे उपचारही त्यात येतात, पण कितीतरी पालक त्यासाठी दावाच करत नाहीत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २५मध्ये तपासणीत आणि उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद आहे. सरकारी दवाखान्यात रांगेत मूल बिथरत असेल तर हे कलम निःसंकोच सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. त्यातल्या तपासणीत दातांचे आजारही आहेत आणि त्याच्या जिल्हास्तरीय केंद्रांच्या आराखड्यात दंतवैद्याचं पद आहे. पुढच्या वेळी फिजिओथेरपीसाठी त्या केंद्रात जाल, तेव्हा त्याच खेपेत दातही दाखवून घ्या.

(पुढील लेखात : बद्धकोष्ठता आणि पोटाच्या तक्रारी)