कानाशिवाय ठेका

अकोल्याला मिरवणुकीची सवय जुनी. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला येणारी कावड १९४४ पासूनची. विसर्जनाला मानाचा बाराभाई गणपती पुढे. पुण्याच्या वळणाची ढोल-ताशा पथकं त्या मानाने अलीकडची, पण आता गणपतीच्या आधी जठारपेठेच्या बाजूने संध्याकाळी गेलं की कुठून तरी सरावाचा ठोका कानावर पडतोच. या पथकांत कर्णबधिर मुलगा किंवा मुलगी टिपरू धरून उभी सहसा दिसत नाही. ज्याला ऐकूच येत नाही तो काय वाजवणार, असं आपण धरून चालतो. हा समज शंभर वर्षांपूर्वीच खोटा पडला आहे, फक्त इकडे कोणी सांगायला आलं नाही.

१८९० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या फॅनवुड इथल्या कर्णबधिरांच्या शाळेत मुख्याध्यापक एनॉक करिअर यांनी लष्करी कवायत सुरू केली. कवायतीमागून ढोल आले, बासऱ्या आल्या आणि पुढे पितळी वाद्यांचा अख्खा बँड उभा राहिला. त्याहून जास्त नाव झालं ते जॅक्सनव्हिलच्या इलिनॉय स्कूल फॉर द डेफच्या बँडचं. बँडमास्तर फ्रेडरिक फॅन्चर यांच्या हाताखाली १९२३ ते १९४२ अशी जवळजवळ वीस वर्षं कर्णबधिर मुलांनी तिथे वाद्यं वाजवली.

हे कौतुकाचं आहेच, पण त्या काळाची एक गोष्ट विसरून चालणार नाही. १८८० साली इटलीत मिलान इथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने खाणाखुणांच्या भाषेऐवजी बोलण्याच्या शिक्षणाला कौल दिला. त्यानंतर शाळाशाळांतून मुलांना बोलतं करण्याचा ध्यास सुरू झाला. ढोलाच्या हादऱ्यांनी उरलंसुरलं ऐकणं जागं होईल, बोलण्याला लय येईल, या आशेवर बँडला आश्रय मिळाला. शिवाय पाहुणे आले की बँड पुढे. त्या बँडमधला किती वाटा मुलांसाठी होता आणि किती पाहुण्यांच्या ‘वा वा’साठी, ही शंका माझ्या मनातून जात नाही.

वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठात मात्र ढोल कोणाला दाखवायला नव्हता. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाकडेला भला मोठा ढोल ठेवायचा, त्याच्या ठोक्यांवर खेळाडूंनी चाल करायची. ठोका कानांना लागला नाही तरी छातीला लागतो. तिथल्या विद्यार्थ्यांचं क्रीडागीतही ढोलाच्या ठोक्यावर, खुणांनी म्हटलं जातं. यात ना उपचार, ना प्रदर्शन. वाद्य ज्यांचं त्यांनी आपल्या कामाला लावलं.

छातीला लागतो म्हणजे काय, हे आपल्याच ढोलावर पाहता येतं. एका तोंडावर टिपरू पडतं, दुसऱ्यावर थापी. ढोलाचा जाड आवाज पोटात, पायाखालच्या रस्त्यात उतरतो. ताशाची तडतड तशी उतरत नाही, ती बरीचशी कानांचीच मिरास. २००१ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डीन शिबाटा यांनी मेंदूचे स्कॅन करून दाखवलं की कर्णबधिर माणसाच्या हाताला कंप दिला की मेंदूतला एरवी ऐकण्यासाठी राखलेला भाग जागा होतो.

स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी यांना हे स्कॅनची वाट न पाहता कळलं होतं. १९६५ चा जन्म, बाराव्या वर्षापर्यंत ऐकणं जवळजवळ गेलेलं. त्यांचे शिक्षक रॉन फोर्ब्स मोठे नगारे सुरात लावत तेव्हा या मुलीने वर्गाच्या भिंतीवर हात टेकवायचे आणि कोणता सूर शरीरात कुठे लागतो ते ओळखायचं. खालचे सूर पायात, वरचे चेहऱ्यावर, मानेवर. पुढे त्या अनवाणी वाजवू लागल्या. २७ जुलै २०१२ ला लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात एक हजार ढोलवाले मैदानात उतरले तेव्हा त्यांच्या अग्रभागी ग्लेनी होत्या. गंमत अशी की त्या हजारांच्या कानांत ठेका देणारी यंत्रं बसवलेली होती. एवढ्या पसाऱ्यात ऐकू येणाऱ्यांचाही कानांवर भरवसा धरता येत नाही.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पथकाचं शेपूट ८५ मीटर मागे असेल, तर पुढचा ठोका तिथे पाव सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर ही अर्ध्या ठोक्याची चूक झाली. कानाने ऐकून वाजवणारी मागची रांग म्हणूनच फरपटते. उपाय एकच: पुढच्याचा हात बघा. लष्करी बँडचा ड्रम मेजर दंड उंचावतो तो यासाठीच. माउलींच्या पालखीत समाजआरतीला चोपदाराचा चोप वर गेला की हजारो टाळ एकदम गप्प होतात, तेही बघूनच. पथकातही ताल बदलताना पुढचा वर हात करून बोटं दाखवतो. जी शिस्त ऐकणाऱ्या पोरांना महिनाभर घोकून शिकवावी लागते, ती कर्णबधिर मुलाच्या रोजच्या जगण्यातली आहे.

आपल्या देशात या दिशेने कोणी गेलंच नाही असं नाही. मुंबईकर नर्तक अस्ताद देबू यांनी कोलकात्याच्या ‘अॅक्शन प्लेअर्स’ आणि चेन्नईच्या क्लार्क शाळेतल्या कर्णबधिर तरुणांना घेऊन अनेक वर्षं मंचावर काम केलं. डिसेंबर २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या प्रयोगात दया मागितलेली नसे, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. आपल्या मूकबधिर विद्यालयांच्या स्नेहसंमेलनात लेझीम होते, कवायत होते, टाळ्या पडतात. मग मुलं शाळेबाहेर पडतात आणि गल्लीतल्या मंडळात प्रेक्षक होतात.

आणखी एक, थोडं बाजूचं. १०० डेसिबलचा आवाज पंधरा मिनिटांपलीकडे कानांना धोक्याचा, असं अमेरिकेतली व्यावसायिक आरोग्य संस्था सांगते. पथकातली पोरं तासन्तास मोठ्या आवाजाच्या मध्यात उभी असतात, कानांत फार तर कापसाचा बोळा. कर्णबधिरांना पथकात न घेता आपण पथकातच नवे कर्णबधिर घडवतो आहोत.

जठारपेठेतल्या आणि एकूणच अकोल्याच्या पथकांना माझं सांगणं एवढंच: येत्या हंगामाच्या नोंदणीची सूचना जवळच्या मूकबधिर विद्यालयातही लावा. मुलं आली तर त्यांना ताशापेक्षा आधी ढोल द्या, हातवारे सगळ्यांसाठी एकच आणि ठळक ठरवा आणि सगळ्यांच्या कानांना चांगले प्लग द्या. त्यांच्यासाठी वेगळं ‘विशेष’ पथक काढू नका. एखादी मुलगी लयीला पक्की निघाली, तर पुढे उभं राहून ताल बदलायचं काम तिच्याकडे सोपवा.