टांगेवाल्याची युक्ती आणि पोर्शेचे शेपूट

मागच्या बाकावर दोन भरदार गृहस्थ बसले की टांगेवाला वळून म्हणे, "साहेब, एकानं पुढं या, टांगा उलाळ होतोय!" एवढ्या वाक्यात जे शास्त्र आहे, त्यानेच एका जगप्रसिद्ध जर्मन मोटारीच्या इंजिनिअरांना चांगले दमवले होते.

ही मोटार म्हणजे पोर्शे ९११. १९६४ साली श्टुटगार्टच्या कारखान्यातून ती बाहेर पडू लागली. (मूळ नाव ९०१, पण मधे शून्य असलेल्या आकड्यांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून शून्याचा एक झाला.) रूप देखणे, इंजिन दोन लिटरचे, ताकद १३० अश्वशक्तीची. मात्र हे इंजिन मागे, आणि तेही मागच्या चाकांच्या आसापलीकडे टांगलेले!

वळणावर मोटारीचा स्वभाव कळतो. पुढच्या चाकांची पकड आधी सुटली, तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर जाऊ पाहते. हा अंडरस्टिअर. मागच्या चाकांची आधी सुटली, तर शेपूट बाहेर फेकले जाते आणि गाडी गर्रकन फिरते. हा ओव्हरस्टिअर. पहिली गाडी हट्टी, दुसरी दगाबाज. आता घाबरलेला माणूस काय करतो? अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. त्यासरशी भार पुढे झुकतो आणि पुढचे टायर रस्ता घट्ट धरतात. हट्टी गाडी त्याने वळणावर येते. दगाबाज गाडीची मागची चाके मात्र आणखी हलकी होतात, आणि मग देवच वाली. म्हणून तर तुमच्या-आमच्या घरगुती मोटारी मुद्दाम किंचित हट्टी ठेवलेल्या असतात.

सुरुवातीच्या ९११ ला हीच दगाबाजीची खोड होती. उपाय काय केला म्हणता? पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत ११-११ किलोची बिडाची वजने बसवली. शेवटी टांगेवाल्याचीच युक्ती!

दुसरा उपाय जास्त नाजूक. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक पोलादी कांब असते, तिला अँटी-रोल बार म्हणतात. गाडी कलू लागली की ही कांब पिळली जाते आणि कलणे आवरते. आपल्याला वाटेल, जिथे कांब जाड तिथे पकड जास्त. होते नेमके उलटे. जिथे कांब ताठ, तिथल्या बाहेरच्या चाकावर जादा भार येतो. आणि भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड काही दुप्पट होत नाही. त्या जोडीची एकूण पकड घटते. तेव्हा सुटणारे शेपूट सावरायचे, तर कांब पुढची जाड करायची किंवा मागची बारीक. टायरमधली हवा कमीजास्त करूनही थोडेफार साधते.

खरा तोडगा १९६९ च्या मॉडेलमध्ये निघाला. इंजिन जागच्या जागी ठेवून मागची चाकेच ५७ मिलिमीटर मागे सरकवली. अवघे सव्वादोन इंच! शिवाय एका बॅटरीच्या दोन करून पुढच्या दोन कोपऱ्यांत बसवल्या.

पुढे १९७७ साली कंपनीने पुढच्या बाजूस इंजिन असलेली ९२८ काढली. तीच ९११ ची जागा घेणार, असा बेत होता. ९२८ १९९५ साली बंद पडली. ९११ अजून निघते, आणि तिचे इंजिन अजून मागेच आहे.