कॉम्प्युटरचा हजेरीपट

आता गावोगाव कॉम्प्युटर आला आहे. ग्रामपंचायतीत आहे, सोसायटीत आहे, सेवा केंद्रात तर असतोच. सातबारा काढायचा, पीकविम्याचा अर्ज भरायचा, म्हणजे त्याच्यापुढे जाऊन उभे राहावे लागते. आणि पुष्कळदा काय होते? यंत्र अडून बसते. पडद्यावर एक लहानसे चक्र गरगर फिरत राहते. केंद्रावरचा मुलगा म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." अर्जाची मुदत तर आजच संपायची असते. उद्या यायचे म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली.

तो मुलगा खोटे बोलतो असे आम्ही म्हणत नाही. बरेचदा ते खरेच असते. पण यंत्र कशाने अडले हे पाहण्याची सोय त्या यंत्रातच केलेली आहे. दोन मिनिटांत पाहून होते. ती सोय कोणती, ते आज समजून घेऊ.

आपल्याला पडद्यावर एकच काम दिसते. आत मात्र एकाच वेळी शंभर-दीडशे कामे चालू असतात. कोणी घड्याळ सांभाळतो, कोणी आवाज सांभाळतो, कोणी इंटरनेटची वाट मोकळी ठेवतो. या प्रत्येक चालू कामाला 'प्रोसेस' म्हणतात. प्रोग्रॅम आणि प्रोसेस यांत फरक आहे, बरं का. पुरणपोळीची कृती वहीत लिहून ठेवली आहे, तोवर ती नुसती कृती. चुलीवर पुरण शिजू लागले की ते काम झाले. तसा प्रोग्रॅम यंत्रात पडून असतो. तो चालू झाला की त्याची प्रोसेस होते.

काही कामे पडद्यावर कधी येतच नाहीत. गावात पाणी सोडणारा माणूस पहाटे उठून टाकीचा व्हॉल्व्ह उघडतो. तो आपल्याला दिसत नाही. नळाला पाणी आले एवढेच दिसते. कॉम्प्युटरात अशा गुपचूप चालणाऱ्या कामांना 'सर्व्हिस', म्हणजे सेवा, म्हणतात. त्यांतल्या बऱ्याच सेवा यंत्र सुरू होताच आपोआप सुरू होतात.

मुकादमाजवळ हजेरीपट असतो. कामावर कोण आले, कोणी किती काम केले, ते त्यात लिहिलेले असते. विंडोज असलेल्या कॉम्प्युटरात असाच एक हजेरीपट आहे. त्याचे नाव टास्क मॅनेजर. डेव्ह प्लमर नावाच्या माणसाने तो लिहिला आणि 1996 साली विंडोज एन.टी. 4.0 बरोबर तो लोकांच्या हाती आला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की तो उघडतो. एस्केपचे बटण डावीकडे अगदी वरच्या कोपऱ्यात असते. बाकीची दोन डावीकडेच खाली असतात.

उघडल्यावर नावांची लांब यादी दिसते. नावांपुढे चार रकाने असतात. पहिला सीपीयूचा. सीपीयू म्हणजे हिशेब करणारा भाग, यंत्राची अंगमेहनत तोच करतो. दुसरा मेमरीचा. मेमरी म्हणजे काम मांडायची जागा, आपले खळेच म्हणा ना! तिसरा डिस्कचा. डिस्क म्हणजे कोठार. चौथा नेटवर्कचा, म्हणजे बाहेर जायच्या रस्त्याचा. कोणाचा भार जास्त आहे, ते रंगावरूनही कळते. जिथे भार जास्त तिथे रंग गडद. रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली की सर्वांत जास्त खाणारा वर येऊन बसतो.

आता वाचायचे कसे? सीपीयू किंवा डिस्क सारखी शंभर टक्क्यांवर टेकली असेल, तर अडचण इथेच, याच खोलीत आहे. वरचे नाव पाहावे. कधी विंडोज स्वतःची दुरुस्ती उतरवून घेत असते. कधी यंत्राचा राखणदार व्हायरस शोधत सगळे कोठार धुंडाळत असतो. अशा वेळी थोडा दम धरला की यंत्र मोकळे होते. मेमरी भरत आली असेल, तर उघडून ठेवलेली पाने मोजावीत. इंटरनेट पाहायच्या क्रोमसारख्या प्रोग्रॅममध्ये वीस-वीस पाने उघडी ठेवायची आणि मग यंत्र हळू चालते म्हणायचे, ही तक्रार काही खरी नव्हे. पण चारही रकाने शांत आहेत आणि चक्र तरी फिरतेच आहे, तर दोष बहुधा बाहेरचा. रस्ता बंद असेल, नाहीतर लांबचा सर्व्हर खरोखरच थकला असेल. मग थांबून उपयोग नाही. दुसरे केंद्र गाठावे, नाहीतर संध्याकाळी यावे.

एखादे काम अगदीच अडून बसले, तर त्याच्या नावावर टिचकी मारून 'एंड टास्क' करता येते. म्हणजे तेवढ्यालाच घरी पाठवायचे. त्यात जतन न केलेला मजकूर जातो, म्हणून आधी विचार करावा. पण सबंध यंत्र धाडकन बंद करण्यापेक्षा हे बरे. वर्गात एकाने गोंगाट केला म्हणून साऱ्या वर्गाला छडी देणारे मास्तर आम्ही पाहिले आहेत. त्यातून काही साधत नाही.

छपाईचे उदाहरण घ्या. उतारा पडद्यावर दिसतो, प्रिंटर चालू आहे, कागद आहे, तरी छापून येत नाही. छापायच्या कागदांची रांग लावणारी एक सेवा असते, 'प्रिंट स्पूलर'. ती मध्येच अडकते. सेवांच्या यादीत तिचे नाव शोधून 'रीस्टार्ट' केले की बहुधा रांग पुढे सरकते. केंद्रावरच्या मुलाला हे नाव सुचवून पाहा.

मात्र ओळखत नाही त्याला हात लावू नये. नाव विचित्र दिसले म्हणून तो चोर ठरत नाही. 'एसव्हीसीहोस्ट' हे नाव यादीत पुष्कळदा दिसेल. त्याच्या पोटात विंडोजच्याच सेवा चालतात. आणखी एक गंमत. टास्क मॅनेजरच्या तपशिलाच्या पानावर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' असे नाव असते, आणि त्याच्यापुढे नव्वद-पंचाण्णव असा आकडा. पाहणारा दचकतो. पण त्याचा अर्थ सीपीयू तेवढा रिकामा बसला आहे, इतकाच!

याच अज्ञानावर काही लबाड लोक पोट भरतात. फोन येतो, "आम्ही मोठ्या कंपनीतून बोलतो. तुमच्या कॉम्प्युटरात व्हायरस आहे." मग ते सेवांची यादी उघडायला लावतात. कित्येक नावांपुढे 'स्टॉप्ड', म्हणजे थांबलेली, असे लिहिलेले असते किंवा 'रनिंग' हा शब्द नसतो. "पाहा, इतके बंद पडले!" असे म्हणून घाबरवतात. आणि एक ॲप घ्यायला सांगून यंत्र स्वतःच्या हाती घेतात. अहो, गरज नाही त्या सेवा थांबलेल्याच असायच्या. पेरणी नाही तेव्हा पाभर कोपऱ्यात उभी असते, ती काय मोडली म्हणून? असा फोन सरळ ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सरकारी क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

बारकाईने पाहायचे असेल त्यांच्यासाठी 'प्रोसेस एक्सप्लोरर' नावाचे फुकट साधन आहे. कोणते काम कोणत्या कामाने सुरू केले, ते त्यात वंशावळीसारखे दिसते. लिनक्स नावाच्या दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रांत 'टॉप' असे लिहिले की अशीच यादी येते.

ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही, त्यांच्या खिशात मोबाईल असतोच. त्यातही सेटिंगमध्ये बॅटरीचे पान असते. कोणत्या ॲपने किती टक्के बॅटरी खाल्ली, ते तिथे लिहिलेले असते. फोनची भाषा मराठी ठेवली, तर त्या पानावरचा बराचसा मजकूर मराठीतच वाचता येतो.